ऑटोमॅटिक मोटारीचा गिअर धक्का देऊ लागला तर



या सदरात आजवर आपण विहिरीवरच्या पंपाची, पॉवर टिलरची, फवारणी पंपाची आणि भात मळणी यंत्राची दुखणी पाहिली. अलीकडे येणाऱ्या पत्रांत मात्र एक नवाच पाहुणा डोकावतो आहे. मुंबईतली नोकरी संपवून गावी परतणारी मंडळी आपली मोटारही बरोबर आणतात. कुठे मुलगा नवी गाडी घेतो आणि दहा-बारा वर्षांची जुनी आई-वडिलांसाठी गावी पाठवून देतो. यातल्या पुष्कळ गाड्या क्लच नसलेल्या, म्हणजे ऑटोमॅटिक असतात. गुडघे दुखणाऱ्यांना त्या सोयीच्या पडतात आणि घरातल्या लेकी-सुनाही त्या लवकर शिकतात. अशी गाडी दोन पावसाळे गावच्या खळ्यात काढते आणि मग एके दिवशी, मागून कोणी ढकलावे तसा, गिअर बदलताना धक्का देऊ लागते. गॅरेजवाला गाडीभोवती एक फेरी मारतो आणि सांगतो, "बॉक्स गेलो."

हे दोन शब्द फार महाग पडतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून भरायचा म्हणजे काजूच्या एक-दोन हंगामांचे पैसे. पुष्कळदा तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो. शिवाय हे काम जाणणारा कारागीर तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. मग गाडी घाट चढवून कोल्हापूरला न्या, नाहीतर गोव्यात न्या.

पाने पिवळी पडली म्हणून आपण लगेच झाड तोडत नाही. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे असे समजतो. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी. पाणी साचले तरी पिवळेपणा येतो, मूळ कुजले तरी येतो. कोणते पान, केव्हापासून, कसे, हे पाहूनच निदान होते. गिअरचा धक्काही तसाच वाचावा लागतो, आणि वाचताना स्वस्त कारणाकडून महाग कारणाकडे जायचे. गॅरेजात बहुधा उलट होते.

आधी गाडीची जात ओळखा

ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या आतून सारख्या नसतात. जुन्या बाजारात आपल्याकडे तीन-चार जाती दिसतात. पहिली जात तेलाच्या कन्व्हर्टरची. इथे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचच्या जागी तेलाने भरलेला डबा असतो. त्यात पंख्यासारखी दोन चक्रे समोरासमोर. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याचे काम तेल करते. २००८ ते २०१३ या काळातली होंडा सिटी, ह्युंदाईची आय-१०, मारुतीची ए-स्टार यांच्या ऑटोमॅटिक गाड्या या जातीच्या.

दुसरी जात एएमटी. मारुतीने २०१४ साली सेलेरिओमध्ये ती आणली आणि पुढे आल्टो, वॅगन-आरमध्येही दिली. टाटांच्या नॅनोतही ती आली. हिचा गिअरबॉक्स आणि क्लच आपल्या साध्या गाडीचाच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात यांच्या जागी यंत्र बसवलेले. तिसरी जात सीव्हीटी. तिच्यात पायऱ्यांचे गिअरच नाहीत, दोन पुलींवर एक पट्टा फिरतो आणि पुलींचा व्यास लहान-मोठा होत राहतो. चौथी दोन क्लचची, ती फोक्सवॅगनच्या पोलो, व्हेंटोसारख्या गाड्यांत सापडते. आपली गाडी कोणत्या जातीची हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका मुंबईला राहिली असेल तर आधी ती मागवून घ्या. दुखण्यापेक्षा अडाणीपणाने खर्च जास्त होतो.

जात का ओळखायची? एएमटी गाडी गिअर बदलताना थोडी डुलते, हा तिचा स्वभाव आहे. बदलाच्या क्षणी इंजिनचा जोर सुटतो, म्हणून प्रवासी पुढे झुकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला की डुलणे निम्मे होते. हे डुलणे एकाएकी वाढले, किंवा चढणीवर क्लचचा जळका वास येऊ लागला, तर क्लच झिजला असेल, किंवा नव्या मोजमापाने तो यंत्राला पुन्हा 'शिकवावा' लागेल. हे शिकवणे गॅरेजातल्या संगणकावर होते. एएमटीला कन्व्हर्टरच्या गाडीचे निदान लावून कोणी तेल बदला म्हणू लागला तर त्याला तिथेच थांबवा. सीव्हीटीचा पट्टा धक्के देऊ लागला तर मात्र तेल तपासून घ्यावे आणि लगोलग जाणकाराकडे जावे. तिच्यात घरी करण्यासारखे फार नाही. यापुढचे बहुतेक सगळे पहिल्या जातीविषयी आहे, कारण दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांत तीच जास्त सापडते.

धक्का बसतो म्हणजे आत काय होते

जत्रेत पालखीचे भोई खांदा बदलताना पाहिले असतील. नवा भोई दांड्याखाली खांदा लावतो, भार घेतो आणि त्याच घटकेला जुना बाजूला होतो. जुना आधीच निसटला तर पालखी खाली दबते आणि नव्याच्या खांद्यावर आदळते. दोघेही धरून राहिले आणि दोन दिशांना ओढू लागले तर पालखी हिसका खाते. गिअरबॉक्समध्ये असेच तबकड्यांचे क्लच असतात. एका गिअरचा सुटतो, दुसऱ्याचा पकडतो. त्यांना पकडायला लावतो तो तेलाचा दाब. इंजिनबरोबर फिरणारा छोटा पंप तो दाब तयार करतो, बारीक व्हॉल्व्ह तो वाटून देतात, आणि केव्हा वाटायचा हे विजेच्या तारांतून संगणक सांगतो. आपल्या ठिबक सिंचनासारखेच म्हणा. पंप, व्हॉल्व्ह, टायमर आणि शेवटी झाडाचे मूळ. पाणी पोचले नाही तर आपण आधी फिल्टर पाहतो, मुळे उकरत बसत नाही.

त्यामुळे धक्क्याचेही दोन प्रकार पडतात आणि ते ओळखता आले की अर्धे निदान झाले. एकात गिअर बदलायच्या वेळी इंजिन क्षणभर मोकळे घोंघावते, मीटरचा काटा वर उडी मारतो आणि मग दणका बसतो. हा भोई आधीच निसटल्याचा प्रकार. तेल कमी, दाब कमी, नाहीतर तबकड्या झिजलेल्या. दुसऱ्यात घोंघावणे काहीच नाही, प्रत्येक गिअर ताठपणे, खाडकन पडतो. इथे दाब गरजेपेक्षा जास्त असतो. जास्त दाब बहुधा कुठल्या तरी चुकीच्या निरोपामुळे येतो आणि तो निरोप दुरुस्त करणे पुष्कळदा स्वस्त असते. पहिल्या प्रकाराला घाई करावी, दुसऱ्याला घाबरू नये.

आठवडाभराची वही

गाडी गॅरेजात नेण्याआधी आठ दिवस एक वही करा, असे मी सर्वांना सांगतो. आचऱ्याकडच्या एका घरी हे काम अकरावीत शिकणाऱ्या मुलीने केले. तिच्या काकांनी मुंबईहून दिलेली गाडी. वडील म्हणत, "गाडी धक्को मारता, बॉक्स गेलो म्हणतत." मुलीने वहीत चारच रकाने आखले. इंजिन थंड होते की गरम, कोणत्या वेगाला धक्का बसला, पाय हलका होता की दाबलेला, आणि मीटरवर कुठला दिवा लागला. आठ दिवसांनी चित्र आपोआप उभे राहिले. सकाळी गार गाडी कासालपर्यंत मुकाट जाई. परतताना, दुपारच्या उन्हात, हलक्या पायाने चालवताना दुसऱ्यातून तिसऱ्यात ती दणका देई. दोनदा 'डी' अक्षराचा दिवा लुकलुकला होता. आणि रिव्हर्स टाकताना मात्र गार असो की गरम, बोनेटखाली धप्प आवाज येई. म्हणजे दुखणी एक नव्हती, निदान दोन होती. "गिअर खराब आहे" एवढेच सांगितले असते तर गॅरेजवाल्याने दोन्हींचे खापर बॉक्सवर फोडले असते.

त्या घरचे पुढे सांगतोच. आधी, गिअरबॉक्सचा ज्यात काही दोष नाही अशा धक्क्यांविषयी.

आपली घरे उताराची. गाडी घाटीवर, नाहीतर उतरत्या खळ्यात उभी करून पुष्कळजण सरळ 'पी' मध्ये दांडा टाकतात आणि उतरतात. 'पी' मध्ये एक लहानसा लोखंडी खुंटा गिअरच्या दात्यात अडकतो. सगळ्या गाडीचा भार त्या खुंट्यावर येतो, आणि सकाळी दांडा काढताना तो 'ठक्' करून सुटतो. हा आवाज ऐकून लोक गिअरबॉक्स गेला म्हणतात. त्यावर उपाय असा: पायाचा ब्रेक दाबलेला ठेवून दांडा 'एन' मध्ये आणा, हँडब्रेक ओढा, पाय सैल करून भार हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक दाबा आणि मग 'पी' टाका. ठक् आवाज बंद होईल. फक्त ऐन पावसात गाडी महिनाभर उभीच राहणार असेल तर ती सपाटीवर ठेवा आणि हँडब्रेकऐवजी चाकांना दगड लावा. आपल्या खाऱ्या दमट हवेत हँडब्रेकचे लायनर चिकटून बसतात.

इंजिन थंड असताना त्याचे फेरे जास्त असतात. तेव्हाच 'डी' टाकला तर गाडी उसळणार. काटा खाली येईपर्यंत थांबा. गरम झाल्यावरही काटा खाली येत नसेल तर हवा आत घेणारा भाग काजळीने भरला असेल, नाहीतर एखादी रबरी नळी फुटली असेल. ते इंजिनचे काम आहे आणि खर्च थोडा.

तिसरी गोष्ट इंजिनच्या बैठकीची. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या तीन-चार ठोकळ्यांवर बसवलेले असतात. दहा वर्षांत हे रबर तडकते. मग गिअर पडला की सगळे इंजिन उडी मारते आणि आपल्याला वाटते, गिअरने धक्का दिला. तपासणी सोपी आहे, पण जपून करावी. जाणता माणूस गाडीत बसवा. त्याने हँडब्रेक ओढून पायाचा ब्रेक घट्ट दाबावा आणि ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. बोनेट उघडे ठेवून दुसऱ्याने बाजूला उभे राहावे. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभे राहायचे नाही, पोरांना आधी घरात पाठवा. आता दांडा 'आर', 'एन', 'डी' असा थांबत थांबत हलवा. इंजिन थोडे कलले तर ठीक, पण धप्पकन उसळून आदळले तर ठोकळा गेला असे समजा. आचऱ्याकडच्या गाडीचा रिव्हर्सचा आवाज हाच होता.

तेल: कोकम, चहा आणि सोलकढी

आता मुख्य गोष्ट. जुन्या ऑटोमॅटिकच्या धक्क्याची चौकशी तेलापासून सुरू करावी.

बहुतेक गाड्यांत गिअरचे तेल पाहण्याची वेगळी पट्टी असते. इंजिन ऑइलची ती वेगळी, ही वेगळी. गाडी सपाटीवर ठेवा, पाच-सात किलोमीटर चालवून गरम करा. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून 'पी' मध्ये पट्टी पाहायची असते. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद करून दीडेक मिनिटाच्या आत पाहायची. चुकीच्या पद्धतीने पाहिले तर पातळी चुकीची दिसते, म्हणून पुस्तिका. पट्टी पुसायला धागे सुटणारे जुने फडके घेऊ नका. गिअरबॉक्समधले व्हॉल्व्ह इतके बारीक असतात की एखादा धागाही तिथे अडकतो. काही गाड्यांना पट्टीच नसते. तिथे गाडी उचलून, ठरावीक तापमानाला, बुचातून पातळी पाहतात. ते गॅरेजावर सोडा.

तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. यातले बरेचसे तेल नवे असताना पाण्यात कालवलेल्या कोकम आगळासारखे लाल आणि पारदर्शक असते. बिनदुधाच्या चहासारखे तपकिरी झाले तर ते जुने झाले, बदलायला हवे. काळे झाले असेल आणि पॉवर टिलरचा पट्टा घसरून जळताना येतो तसा वास येत असेल, तर आतल्या तबकड्या भाजल्या आहेत. आणि थेंब सोलकढीसारखा गुलाबी-दुधट दिसला तर गाडी जागची हलवू नका. पुष्कळ गाड्यांत गिअरचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतून जाते. ती आतून गळली की पाणी तेलात मिसळते आणि तबकड्यांचा थर सुटू लागतो. सोलकढी जेवणात चांगली, गिअरबॉक्समध्ये नव्हे. रंगावर पूर्ण विसंबू नये हेही सांगतो, कारण काही कंपन्यांचे तेल, विशेषतः सीव्हीटीचे, मुळातच लाल नसते.

पातळी कमी असेल तर तेल गेले कुठे हे शोधा. इंजिन थोडेफार तेल जाळते, गिअरबॉक्स तेल जाळत नाही. कमी झाले म्हणजे गळती आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी डाग सांगेल. आणि भरताना वाजवीपेक्षा जास्त भरू नका. फिरणारे दाते जास्तीचे तेल घुसळून फेस करतात, फेसाने दाब टिकत नाही आणि धक्के वाढतात.

कोणते तेल भरावे याबाबत आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. ट्रॅक्टरच्या गिअरचे नव्वद नंबरचे तेल घरात असते म्हणून तेच ओतणारे मी पाहिले आहेत. ते तेल दाट. ऑटोमॅटिकच्या बारीक वाटांतून ते वेळेवर पोचत नाही आणि गिअरबॉक्सची वाट लागते. ऑटोमॅटिकचे तेल वेगळे, त्यातही होंडाला तिचे स्वतःचे, सीव्हीटीला सीव्हीटीचेच. डब्यावरचे नाव आणि पुस्तिकेतले नाव जुळल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि रिकामा डबा घरी घेऊन या.

"ह्या गाडयेचा गिअराचा तेल बदलूचा नसता," असे आचऱ्याच्या त्या गृहस्थांना कोणी सांगितले होते. काही कंपन्या तेल आयुष्यभराचे म्हणून सांगतात हे खरे. पण कोणाचे आयुष्य, हे त्या सांगत नाहीत. आपल्याकडची ऊन, घाट, आंब्याच्या पेट्यांचा भार ही परिस्थिती कडक मानावी आणि चाळीस ते साठ हजार किलोमीटरला तेल बदलावे, असे माझे मत आहे. दुसरा समज असा की जुने तेल बदलले की गिअरबॉक्स मरतो. यात थोडे तथ्य आहे. ज्याच्या तबकड्या आधीच जळून घसरत आहेत, तो तेल बदलूनही वाचत नाही, आणि दोष नव्या तेलावर येतो. पण नुसते तपकिरी तेल असलेली, न घसरणारी गाडी बदलाने सुधारतेच. यंत्राच्या जोराने धुऊन काढू नका, खालचे बूच उघडून आपोआप निघेल तेवढे काढा. एका वेळी सगळे निघत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. तीन-चारशे किलोमीटर चालवून पुन्हा तसेच करा. बुचाच्या लोहचुंबकावर राखाडी लोण्यासारखा बारीक थर असला तर चालते. लोखंडाचे कपचे सापडले तर ते कागदात गुंडाळून जाणकाराला दाखवा.

समुद्राची हवा आणि उंदीर

किनाऱ्यावरच्या गाडीला मुंबई-पुण्याच्या पुस्तकात नसलेला एक रोग होतो. खारी हवा तांब्याच्या तारांना हिरवा जंग चढवते. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला आणि गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची पट्टी आतून कुजते, वरून धड दिसते. वीज नीट परतली नाही की व्हॉल्व्ह उघडझाप करणारी विजेची गुंडाळी अर्धवट काम करते. गरम झाल्यावर तारेचा विरोध वाढतो, म्हणून गाडी सकाळी शहाणी आणि दुपारी वेडी. उंदरांचे तर विचारूच नका. बोनेटखालची ऊब आणि तारांचे आवरण दोन्ही त्यांना आवडते.

संगणकाला गिअरबॉक्सकडून येणारा एखादा निरोप तुटला की तो सावध पवित्रा घेतो. तबकड्या घसरू नयेत म्हणून तेलाचा दाब पूर्ण चढवतो आणि पुष्कळदा गाडी एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो. तेव्हा बसणारा धक्का हा गिअरबॉक्स मोडल्याचा नसून त्याला वाचवण्यासाठी दिलेला असतो. 'डी' चा दिवा लुकलुकणे किंवा इंजिनचा पिवळा दिवा लागणे ही त्याची खूण. फार जुन्या काही गाड्यांत संगणक नसतो. तिथे हा निरोप ॲक्सिलरेटरच्या एका केबलने किंवा हवेच्या रबरी नळीने जातो. केबल ताणली गेली किंवा नळी निसटली तरी सगळे गिअर ताठ पडतात. दोन-पाच मिनिटांचे काम.

स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिला छोटे यंत्र जोडले की संगणकाने नोंदवलेली तक्रार आकड्यांत वाचता येते. बॉक्स खोलायच्या आधी हे वाचन झालेच पाहिजे, आणि आकडा कागदावर लिहून घ्या. 'पी ०७००' याचा अर्थ एवढाच की गिअरच्या संगणकाची काही तक्रार आहे, पुढे विचारा. तेवढ्यावर बॉक्स गेला म्हणणे म्हणजे ताप आहे म्हणून पोट फाडणे. 'पी ०७२०' हा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या वाटेचा दोष. तो सेन्सर किंवा त्याची तार बदलून भागते. 'पी ०७३०' मात्र गिअरचे प्रमाण जुळत नाही असे सांगतो, म्हणजे आत घसरण असू शकते.

आचऱ्याच्या गाडीत आकडा सेन्सरचा निघाला. बॅटरीखालची अर्थिंगची पट्टी बोटाने दाबताच तुटली, आणि सेन्सरच्या जोडणीत हिरवे मीठ साचले होते. पट्टी बदलली, जोडण्या बॅटरी सोडवून साफ केल्या, तेल दोन टप्प्यांत बदलले, एक रबरी ठोकळा नवा घातला. बॅटरी सोडवल्यामुळे संगणक आपल्या सवयी विसरतो, म्हणून पहिले चार-सहा दिवस गाडी उलट जास्त अडखळली. घरचे पुन्हा घाबरले. मग ती सावरली. अगदी नव्यासारखी झाली नाही, गार असताना पहिल्यातून दुसऱ्यात अजून हलका टोला देते. पण बॉक्स तोच आहे आणि काजूचे पैसे घरात आहेत.

सगळ्यांचे असे होत नाही हेही लिहिले पाहिजे. कुडाळ बाजूच्या एका गाडीचे तेल काळे, जळका वास, प्रत्येक बदलाला घोंघावणे. मालक वर्षभर पाव-पाव लिटर तेल ओतत राहिले. तिथे बॉक्स खरोखरच संपला होता. अशा वेळी हिशेब थंड डोक्याने करावा. गाडीची आजची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च शेजारी शेजारी लिहा. खर्च किमतीच्या निम्म्याहून वर गेला तर मी तरी दुरुस्तीच्या नादी लागणार नाही. भंगारातला जुना बॉक्स बसवणार असाल तर किती महिन्यांची हमी, हे पावतीवर लिहून घ्या. आणि तशीच विकायची झाली तर घेणाऱ्याला दोष सांगून विका. तोही कोणाचा तरी शेतकरी बाप असतो.

आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट चढताना गाडी वरच्या आणि खालच्या गिअरमध्ये सारखी हेलपाटत असेल, तर दांडा '२' किंवा 'एल' वर घेऊन एकाच गिअरमध्ये चढवा. सारखे बदलणे म्हणजे सारखे तापणे. उतरतानाही खालचा गिअर ठेवावा, ब्रेक वाचतात. आंब्याच्या दिवसांत मागे पेट्या आणि टपावर पेट्या अशी गाडी मे महिन्याच्या दुपारी घाटात घालू नका, पहाटे निघा.

आणखी एक, कारण गावात हे रोज घडते. बॅटरी उतरली की चार पोरे बोलावून धक्का मारायचा ही आपली रीत. कन्व्हर्टरची गाडी धक्का मारून चालू होत नाही, कारण तेलाचा पंप इंजिनाने फिरतो आणि इंजिन बंद असताना चाके त्याला फिरवू शकत नाहीत. दुसऱ्या बॅटरीची तार जोडूनच ती चालू करावी. त्याच कारणाने बंद पडलेली ऑटोमॅटिक दोराने बांधून ओढत नेऊ नये. चाके फिरतात, पण आत तेल पोचत नाही आणि दाते कोरडे घासतात. इंजिनाने फिरणारी चाके, म्हणजे बहुतेक गाड्यांत पुढची, जमिनीपासून उचलून, नाहीतर सगळी गाडी टेम्पोवर चढवूनच न्यावी. टेम्पोचे भाडे ठरवताना गाडी ऑटोमॅटिक आहे हे आधीच सांगा, म्हणजे तो दोर घेऊन येणार नाही.